लक्ष कुणाचं नव्हतं?

(वसंत व्याख्यानमाला, पुष्प चौथे. ध्वनिमुद्रणावरून शब्दांकन.)



पत्रिकेत माझ्या भाषणाचा विषय ‘सूक्ष्मशस्त्रक्रियेची किमया’ असा छापलाय. यातला ‘किमया’ हा शब्द माझा नाही. मी फोनवर सांगितलं होतं, ‘तान्ह्या-रांगत्या मुलांची तुटलेली बोटं परत जोडणं’. पलीकडून जरा वेळ आवाजच आला नाही. मग संयोजक म्हणाले, ‘मॅडम, आमच्याकडं लोक जेवून येतात हो.’ (हशा) म्हणून किमया. तेव्हा जेवून आलेल्यांना आधीच सांगते, मी चित्रं दाखवणार नाही. पडदा लावलाय तो तसाच असू दे. कालच्या किल्ल्यांच्या स्लाइड त्याच्याकडं बघून आठवा.

इतिहासही मी मुळापासून सांगत बसत नाही, तुम्ही जाणकार आहात. आलेक्सी कॅरेल हा फ्रेंच सर्जन लिऑनमध्ये एका भरतकाम करणाऱ्या बाईकडं टाके शिकला आणि १९१२ साली त्याला नोबेल मिळालं. १९६० साली अमेरिकेत जेकबसन या सर्जननं रक्तवाहिनी शिवायला सूक्ष्मदर्शक वापरला. १९६२ साली बोस्टनला बारा वर्षांच्या एका मुलाचा अख्खा हात जोडला गेला. १९६५ च्या जुलैत जपानमध्ये नारा इथं कोमात्सु आणि तामाई यांनी पूर्ण तुटलेला अंगठा जोडला. हे सगळं तुमच्या वाचनात कुठं ना कुठं येऊन गेलंय. झाला इतिहास.

माझा मुद्दा निराळा आहे. तीस वर्षं मी तो घेऊन फिरते आहे, आणि आता तो निघाला की आमच्या घरचे पानावरून उठतात. मूल बोट तोडून घेऊन आलं की अपघात विभागाच्या दारात पहिला प्रश्न कुठला ऐकू येतो? ‘बोट कुठंय?’ हा नाही. ‘लक्ष कुणाचं नव्हतं?’ हा. सासू सुनेला विचारते, नवरा बायकोला विचारतो, बायको नणंदेकडं बघते. आमच्या वॉर्डबॉयनं एकदा एका आजोबांना हा प्रश्न विचारलेला मी ऐकला. पगारी माणूस, त्याचा काय संबंध? पण विचारल्यावाचून राहवत नाही. आणि या प्रश्नात जो वेळ जातो, तो बोटाच्या आयुष्यातून जातो. आज मी दुसरं काही सांगितलेलं तुमच्या लक्षात नाही राहिलं तरी चालेल. पाहा, ‘लक्ष’ मीही वापरलाच!

आता जरा बोटाकडं येऊ, नाहीतर किमया राहून जाईल.

दीड वर्षाच्या मुलाची तर्जनी जेमतेम पेन्सिलीएवढी. तिच्या दोन्ही कडांनी एकेक धमनी वर जाते. जाडी अर्धा मिलिमीटर, टोकाकडं त्याहूनही कमी. खसखशीचा दाणा तिच्या तोंडाशी धरलात तर आत शिरायचा नाही. शिवायचा दोरा नायलॉनचा, केसाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा. दिसतो, पण हातातून सुटला की सापडत नाही. क्रम ठरलेला असतो. आधी हाड, मग बोट वाकवणाऱ्या आणि सरळ करणाऱ्या कंडरा, मग धमनी, मज्जातंतू, शिरा आणि सगळ्यात शेवटी कातडी. हाड जोडायला बारीक तार घालतो. ती घालताना मुलांच्या बाबतीत एक जागा सांभाळायची असते. बोटाच्या प्रत्येक हाडाच्या बुडाशी वाढीची चकती असते. ती शाबूत राहिली तर जोडलेलं बोट मुलाबरोबर वाढतं, थोडं मागं राहतं, पण वाढतं.

आणि या रक्तवाहिन्यांचा स्वभाव म्हणजे लाजाळूचं झाड. हात लावला, मिटली. थंडी वाजली, दुखलं, रडू आलं, मिटली. म्हणून आम्ही थिएटर गरम ठेवतो. एप्रिलच्या रात्री एसी बंद करून सात-आठ तास सूक्ष्मदर्शकात डोळे घालून बसायचं, आणि भूलतज्ज्ञ मागून विचारणार, अजून किती? दहा किलोच्या मुलाच्या अंगात सगळं मिळून रक्त असतं आठशे मिलिलिटर, तुमच्या हातातल्या पाण्याच्या बाटलीहून कमी. तेव्हा ‘थोडंसंच रक्त गेलं हो’ असं कुणी म्हणालं की आम्ही टॉवेल मागवून बघतो.

सगळी बोटं जगतात असं सांगायला मी आलेले नाही. मोठ्यांपेक्षा मुलांची बोटं जास्त दगावतात. एक तर वाहिन्या बारीक. आणि दुसरं म्हणजे मोठ्या माणसाचं चिरडलेलं बोट आम्ही सोडून देतो, मुलाचं सोडवत नाही, करून बघतो. पण जगलंच तर स्पर्श परत येण्यात मूल मोठ्या माणसाला कुठल्या कुठं मागं टाकतं. व्यायाम? दीड वर्षाच्या बाळाला कसला व्यायाम शिकवता! कणकेचा गोळा द्यायचा हातात आणि पोळपाटाशी बसवायचं.

तुटलेल्या बोटाची खरी अडचण एका शब्दात सांगता येते, देठ. आणि देठ म्हटलं की मला पुण्याला जावंच लागतं. गोष्ट छोटी आहे, पाच मिनिटं.

१७९४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये एक पत्र छापून आलं. त्यात कावसजी नावाच्या माणसाची हकिकत आहे. नावावरून तुम्हाला पारशी वाटेल, पण पत्र म्हणतं, मराठा, शेतकरी. इंग्रजांच्या फौजेत बैल हाकायचा. १७९२ च्या लढाईत टिपूच्या हाती सापडला, आणि टिपूनं त्याचं नाक कापलं. वर्षभराहून जास्त काळ तो बिननाकाचा राहिला. मग पुण्याजवळच्या एका विटा भाजणाऱ्या माणसानं त्याला नवं नाक करून दिलं. वैद्य नव्हे, विटा भाजणारा. आधी मेणाचं नाक करून बघितलं, ते सपाट करून कपाळावर ठेवलं, त्याच्याभोवती रेघ मारली, तेवढी कातडी सोडवली आणि उलटवून खाली आणली. पण भुवयांच्या मधे एक देठ ठेवला. त्या देठातून रक्त येत राहिलं, म्हणून कातडी जगली. मुंबईच्या दोन इंग्रज डॉक्टरांनी हे डोळ्यांनी पाहिलं होतं. ते पत्र वाचून कार्प्यू नावाच्या इंग्रज सर्जननं १८१४ साली लंडनला तसंच नाक केलं, आणि युरोपात प्लास्टिक सर्जरी पुन्हा सुरू झाली. सुश्रुत, भारतीय पद्धत, अभिमान, हे सगळं तुम्ही मागच्या पुष्पांत ऐकलं असेलच.

(टाळ्या)

थांबा, टाळ्या नंतर. मी दर वेळी हे सांगते आणि दर वेळी इथंच टाळ्या पडतात. पण त्या पत्रात आणखी एक अर्ध वाक्य आहे, ते कुणी वाचत नाही. टिपूनं त्याचं नाक कापलं, आणि एक हातही. नाकाच्या गोष्टीनं सगळा प्रकाश खाल्ला. कावसजीला नाक मिळालं, हात मिळाला नाही. विटा भाजणाऱ्या त्या कलावंताला तो देताच आला नसता, कारण तुटून पडलेल्या हाताला देठ नसतो. नाकाला देठ ठेवता येतो, हाताचा देठ सुईनं नव्यानं करावा लागतो, आणि ती सुई यायला आणखी पावणेदोनशे वर्षं लागली. बैल हाकणारा माणूस एका हातानं पुढं काय काम करत असेल, हे त्या पत्रात नाही. कंपनीचं पेन्शन मिळत होतं, एवढं आहे.

अध्यक्षांनी घड्याळ बघितलेलं मी बघितलं. पाच मिनिटांची बारा झाली. पुढं जाते.

तुमच्या जिल्ह्यातलीच गोष्ट सांगते, गावाचं नाव सांगत नाही. वीसेक वर्षं झाली. उन्हाळा, संध्याकाळी साडेसहाचा सुमार. जीपमधून दीड वर्षाची मुलगी आली. उजव्या हाताची तर्जनी मधल्या पेराशी साफ तुटलेली, मधल्या बोटाचा शेंडा गेलेला. वैरण कापायची कडबाकुट्टी. हातानं फिरवायची, मोठ्या चाकाची. जीपमध्ये सात माणसं होती, बोट नव्हतं. मी विचारलं, बोट कुठंय? सगळे एकमेकांकडं बघायला लागले. चार वाजता अपघात झालेला. मधल्या अडीच तासांत त्या घरात काय झालं होतं ते मला हळूहळू कळलं. सुनेला बोलणी बसली होती, ती म्हशीची धार काढत होती. आजीला बोलणी बसली होती, तिचा डोळा लागला होता. जीप गावाबाहेर पडून परत फिरली होती, कारण दोन भाऊ रस्त्यात भांडून उतरले होते. बोट शोधायचं कुणाच्याही मनात आलं नव्हतं.

चाक फिरवलं होतं सहा वर्षांच्या चुलतभावानं. खेळ चालला होता. हा फिरवतोय, ती वैरणीची काडी कुट्टीच्या तोंडात घालतेय, मोठी माणसं करतात तसं.

मी मुलीच्या काकांना म्हटलं, घरी फोन लावा. तेव्हा गावात मोजक्याच घरी फोन. आजी फोनवर आली. मी तिला म्हटलं, आजी, पोरगा कुठाय? ती म्हणाली, माळ्यावर लपलाय, त्याचा बाप गुरासारखा मारणार आहे त्याला. मी म्हटलं, त्याला कुणी हात लावायचा नाही. तुम्ही जवळ जा आणि म्हणा, डॉक्टरीणबाईला ते बोट पाहिजे, तू मदत करशील का.

आजी गेली. पोरगा उतरला, काही न बोलता स्वयंपाकघरात गेला, आणि रांजणाच्या बुडाशी ओली वाळू असते ना, तिच्यातून त्यानं बोट काढून दिलं. मार चुकवायला त्यानं ते तिथं पुरलं होतं.

आता बघा. तुटलेलं बोट उन्हाळ्याच्या उकाड्यात बाहेर राहिलं तर त्याला काही तासांची मुदत असते. गारव्यात ठेवलं तर मुदत कितीतरी वाढते, कारण बोटात मांस जवळजवळ नाहीच, आणि प्राणवायूवाचून आधी मरतं ते मांस. तैवानमध्ये तर १९८८ साली छापलेल्या एका हकिकतीत गारव्यात चौऱ्याण्णव तास राहिलेलं बोट जोडलेलं आहे. त्या घरातली सगळ्यात गार, ओलसर जागा कुठली? रांजणाचं बूड. बर्फ सापडला असता तर मोठ्या माणसांनी बोट थेट बर्फात घालून गोठवून मारलं असतं, हे मी छातीठोक सांगते, पाहिलंय. सहा वर्षांच्या घाबरलेल्या पोरानं ते वाचवलं.

साडेदहाला बोट आलं. वाळूचा कण न् कण धुवायलाच अर्धा तास गेला. पहाटे पाचला धमनीवरची चिमटी काढली. पांढरं फटक बोट, आणि मग बुडाकडून गुलाबी रंग चढत गेला. त्या क्षणी थिएटरात कुणी बोलत नाही. सिस्टर नाक ओढत होत्या, विचारलं तर म्हणाल्या, सर्दी.

मधल्या बोटाच्या शेंड्याचं काय? काही नाही केलं. हे तुम्हाला खोटं वाटेल. लहान मुलाच्या बोटाचा नखापुढचा शेंडा गेला, नखाच्या मुळाकडचा भाग शिल्लक असला, तर नुसती स्वच्छ पट्टी करत राहिलं की तो पुन्हा वाढतो. गुबगुबीत, नखासकट, बऱ्याचदा वरच्या रेषांसकट. इंग्लंडात शेफील्डला सिंथिया इलिंगवर्थ नावाच्या डॉक्टरीणबाईंनी १९७४ साली हे लिहून ठेवलं. टाके घालू नका, पट्टी करा आणि वाट बघा. काय म्हणालात? हो काका, पालीची शेपटीच. (हशा) फक्त ती पालीला म्हातारपणीही येते, आपल्याला लहानपणीच. सर्जनला हात खिशात घालून बसायला सांगणारा शोध आहे, म्हणून त्याला किमया कुणी म्हणत नाही.

मुलीची तर्जनी जगली. शेवटचा सांधा वाकत नाही, बोट शेजारच्यापेक्षा आखूड आहे, थंडीत निळसर पडतं. अक्षर चांगलं आहे. ती दर दोन वर्षांनी दाखवायला यायची. एकदा तिच्याबरोबर तो चुलतभाऊ आला. सोळा वर्षांचा झाला होता, मिसरूड फुटलेली. तपासणी झाली, ती बाहेर गेली, हा दाराशी घुटमळला. म्हटलं, काय रे? म्हणाला, ‘मॅडम, तिचं बोट आखूड राहिलं ते माझ्या वाळूमुळं का?’

दहा वर्षं.

मी त्याला बसवला. कागदावर काढून दाखवलं. तुटलेल्या दोन्ही टोकांकडून हाड मीच थोडं कापलं होतं. कापावंच लागतं, नाहीतर धमनी ताणल्याशिवाय टोकाला टोक मिळत नाही. बोट मी आखूड केलं, तुझ्या वाळूनं ते माझ्यापर्यंत पोचलं, असं सांगितलं. त्यानं तो कागद घडी घालून खिशात ठेवला. हसला वगैरे नाही.

आता कुणी म्हणेल, डॉक्टरीणबाई आयांना पाठीशी घालतायत. घालते. लक्ष ही काही कडी नव्हे, एकदा लावली की सकाळपर्यंत निश्चिंत! लक्ष डुलकी घेतं, लक्षाला धार काढायची असते, लक्षाचं दूध उतू जातं. दीड वर्षाच्या मुलाला बोट घालायला दोन सेकंद पुरतात. दिल्लीच्या आयआयटीतले दिनेश मोहन आणि त्यांचे सहकारी हरियाणातल्या खेड्यांतून फिरले, कडबाकुट्टीनं माणसं कशी जखमी होतात ते बघत. त्यांना काय दिसलं? मुलं सापडतात ती बरेचदा मशीन कामात नसताना, चाकाशी खेळताना. मग त्यांनी ‘पालकांनी दक्ष राहावे’ असं पत्रक नाही काढलं. पात्यावर आडोसा सुचवला, आणि चाकाला एक खीळ. काम संपलं, खीळ घातली, चाक हलत नाही. बैलगाडीच्या चाकाला आपल्या आज्ज्यानं जेवढी अक्कल वापरली तेवढीच. १९८३ साली संसदेनं धोकादायक यंत्रांचा कायदा केला, त्याचा सगळा रोख मळणीयंत्रांवर. कुट्टी राहिली कोपऱ्यात.

चिठ्ठी आलीय. वाचू का? ‘आम्ही मशीनला गार्ड देतो, गिऱ्हाईक महिन्याभरात काढून टाकतं. यात आमचा काय दोष?’ खाली सही... अरे देवा. आजच्या पुष्पाचे प्रायोजक! (प्रचंड हशा) संयोजक, तुम्ही मला सांगायचं नाही का? तरीच तो फलक बघून मला मघाशी वाटलं, अवजारांचं दुकान काय. मग त्याच्याखालीच बसून बोलते आहे की मी तासभर!

साहेब, रागावू नका, तुमचं म्हणणं खरं आहे. गार्ड लावलं की वैरण अडकते, कामाला उशीर होतो, माणूस ते काढून गोठ्याच्या आढ्याला टांगतो. मी टांगलेली बघितली आहेत. म्हणून तर मी खिळीचा धोशा लावलाय. खिळीनं काम अडत नाही, ती काम संपल्यावर घालायची. विजेच्या मशीनची गोष्ट वेगळी, तिथं बटण माणसाच्या खांद्याच्या उंचीवर हवं, एवढंही पुष्कळ आहे. खिळीला किती खर्च येतो, हे माझ्यापेक्षा तुम्हाला ठाऊक. तुम्ही हात हलवताय, नंतर सांगतो म्हणताय. बरं, नंतर.

दुसरी चिठ्ठी. ‘पाच मिनिटे.’ बघा, माझं नेहमी असंच होतं, कामाचं शेवटी राहतं. शहरातल्यांनो, तुमच्याकडं कुट्टी नाही, पण दार आहे. पाच वर्षांखालच्या मुलांची सगळ्यात जास्त बोटं दारात सापडतात, आणि बिजागरीकडची फट सगळ्यात वाईट. दाराच्या वरच्या कडेवर बिजागरीजवळ एक पंचा टाकून ठेवा, दार पूर्ण मिटतच नाही. सायकलच्या साखळीला झाकण लावा. जळवांचं राहिलं, फार छान गोष्ट होती, बोस्टनला १९८५ साली कुत्र्यानं चावून तोडलेला एका पाच वर्षांच्या मुलाचा कान जोडला आणि तुंबलेलं रक्त शोषायला जळवा वेल्सहून आणल्या. असू दे.

बोट तुटलं तर. हातावर स्वच्छ फडकं दाबून धरा, हात वर धरा, दोरीनं करकचून आवळू नका. बोट शोधा. सगळे तुकडे आणा, चिरडलेलेही, काय कामाचं ते आम्ही ठरवू. साध्या स्वच्छ पाण्यानं खळबळा, घासू नका. हळद नाही, कॉफीची पूड नाही, स्पिरिट नाही. ओल्या करून पिळलेल्या स्वच्छ फडक्यात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत घाला, गाठ मारा, आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात. बोटाला बर्फ लागता कामा नये. कातडीवर लोंबत असेल तर कापू नका, ती कातडी म्हणजे देठ असू शकतो. बोट आणि मूल एकाच गाडीत. निघताना फोन करा.

आणि मागं बसलेल्या आयांनो, हे ऐका. मूल रडतंय म्हणून वाटेत दूध पाजू नका. मला ठाऊक आहे, दुसरं काही सुचत नाही त्या वेळी. पण पोटात वरचं दूध असलं तर भूल द्यायला सहा तास थांबतात, अंगावरचं असलं तर चार. तोंडात पदराचं टोक द्या, गाणं म्हणा, काहीही करा.

फोनवर मी तीनच गोष्टी विचारीन. किती वाजता झालं, बोट कशात ठेवलंय, शेवटचं खाणं-पिणं किती वाजता. लक्ष कुणाचं नव्हतं हे तुम्ही सांगायला लागलात तर मी फोन ठेवीन, उद्धट वाटलं तरी.

अध्यक्ष, घंटा वाजवू नका, बसते आहे. पण प्रायोजक उठून उभे राहिलेत, त्यांना माइक द्या. बोला साहेब, खिळीचं काय ते तुम्हीच सांगा.